फाटकाबाहेरची चूल

बाबा गेल्याला आता पाच महिने होतील. या पाच महिन्यांत मी मासे खाल्लेले नाहीत. चेन्नईत हे कुणाला सांगितलं तर त्यात विशेष काय, असंच वाटेल. आमच्या मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही घरांत जन्मात कुणी मासा खाल्लेला नाही. पण मी मालवणकडची. आमच्या घरात मरण आलं की मासे बंद होतात, आणि दिवसवार झाल्यावर ते आपले आपण सुरू करायचे नसतात. दुसऱ्या घरातलं, सोयऱ्यांपैकी कुणीतरी मासे घेऊन येतं, शिजवतं आणि पहिला घास आपल्या हाताने दुखवट्यातल्या माणसाच्या तोंडात घालतं. तो गिळला की दुखवटा संपला. रडू त्यानंतरही येतं, पण चूल नेहमीसारखी पेटायला लागते.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने विचारलं, "बांगडे आणू का?" मी म्हटलं, थांब जरा, आधी एक लिहून होऊ दे. मी फार हळू लिहिते. सगळी नोकरी ग्रंथालयात झाल्यामुळे दुसऱ्यांची वाक्यं हाताळण्याची सवय आहे, स्वतःची नाही. शिवाय मला जे लिहायचं आहे ते दुःखाचं नाही, म्हणून जास्त वेळ लागतो आहे. ते एका समुद्रकाठच्या घराबद्दल आहे. ते घर आमचं फक्त चार दिवस होतं.

तेव्हा आम्ही अड्यारला भाड्याने राहत होतो. मी तिथल्याच एका संस्थेच्या ग्रंथालयात होते आणि नवरा श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात, तपासणी विभागात. ओल्ड महाबलीपुरम रोड रुंद करायचं काम चाललं होतं आणि पेरुंगुडीच्या बाजूला रोज एक नवी काचेची इमारत दिसायची. आई जाऊन दहा महिने झाले होते. गावी घराला कुलूप लावून मी बाबांना दोन महिन्यांसाठी आणलं होतं. ते दोन महिने आता संपत आले होते. परतीचं तिकीट कॅलेंडरमागच्या खिळ्याला लटकत होतं.

आईच्या तेराव्यानंतर मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रीतीप्रमाणे सुरमई घेऊन आला होता. मामीने तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, केलं. मामाने घास उचलला आणि बाबांनी तोंड फिरवलं. "माका नको. मगे बघूया." मामाचा हात तसाच राहिला. तो न जेवता उठला आणि त्यानंतर आमच्या घरी आला नाही. बाबांचं 'मगे' काही उजाडलं नाही. समोर समुद्र, दारावर मासेवाली, आणि हा माणूस पेज आणि लोणच्यावर. जन्मभर पोस्टमास्तर म्हणून ताठ बसलेल्या माणसाचे सदरे आता खांद्यावरून घसरायला लागले होते. चेन्नईत आले तेव्हाही ते आमटीभात जेवायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे. मला वाटायचं, याच अवस्थेत हे परत गेले तर त्या बंद घरात पुढचं वर्ष काही काढणार नाहीत.

त्यांना मासे खाऊ घालायचे होते, पण कुठे? आमच्या अड्यारच्या घराच्या करारातच लिहिलं होतं, फक्त शाकाहारी. आणि घरमालकाचं सोडा, नवरा सोलापूरचा. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिजवलेला नव्हता. लग्नानंतर तो एकदा आमच्या गावी जेवायला बसला तेव्हा वास जाऊ नये म्हणून आईने त्याचं पान वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडलं होतं.

तेवढ्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं की आमच्याच भागातल्या एका निवृत्त इंजिनिअर गृहस्थांचं इथल्याच, महाबलीपुरमच्या वाटेवरच्या कोवलमच्या पुढे, अगदी वाळूला लागून घर आहे. ओळखीच्या चांगल्या कुटुंबांना ते चार-आठ दिवस भाड्याने देतात. त्या दुपारी मी एकही पुस्तक नीट नोंदवलं नाही. ग्रंथालयात नुकतेच संगणक आले होते आणि पुस्तकांच्या नोंदींची जुनी तालिकापत्रं रद्दीत निघाली होती. त्यांच्या पाठीवर मी न्यायच्या वस्तू लिहीत सुटले. नारळ, आमसुलं, मिरच्या, धने, मोठं पातेलं. सुट्टीसाठी घर घ्यायचं ही गोष्टच मला नवीन होती. आमच्या गावात समुद्र परसाच्या मागे असतो. तिथे जायला चपलासुद्धा घालत नाहीत. पण त्या चार दिवसांच्या घराला एक खिडकी असेल, तिच्यातून समुद्र दिसेल, अंगणात चूल असेल आणि बाबा पानावर बसलेले असतील, एवढं मी तालिकापत्राच्या पाठीवर लिहिलं नाही तरी पाहून ठेवलं होतं.

मालकांना भेटायला नवरा एकटाच गेला, कारण त्या शनिवारी मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी त्याने दार उघडतानाच आरोळी ठोकली.

"मिळालं! गुरुवार ते रविवार!"

"खरंच? त्या बाई म्हणाल्या, ते फार चौकशा करतात."

"छे! एकच प्रश्न विचारला."

"काय?"

"तोच गं, नेहमीचा. मी म्हटलं, सर, जन्मापासून प्युअर व्हेजिटेरियन. चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा नसतो. एवढे खूश झाले, आतून कॉफी मागवली. आणि सही घेतली."

चेन्नईत घर शोधताना हा प्रश्न आम्हाला सहा वर्षांत चार वेळा विचारला गेला होता. चारही वेळा त्याने हेच उत्तर दिलं होतं आणि चारही वेळा घर मिळालं होतं. उत्तर खरंच होतं. त्यामुळे ते त्याच्या तोंडातून आपोआप निघालं. तो अजून हसत होता. मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अरे, आपण ते घर कशासाठी घेतोय?"

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू उतरत गेलं.

"आयला," तो म्हणाला.

कागद टाइप केलेला होता. अंडी, मासे, मांस घराच्या आवारात आणू नये. खाली नवऱ्याची घोटीव सही. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. आतल्या खोलीत बाबांचं वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज आला.

"मी जाऊन सांगतो त्यांना," तो म्हणाला.

"मग घर जाईल."

"मग गुपचूप करू. कोण बघतंय?"

"बाबांना कळलं की तू शब्द देऊन मोडलास, तर ते त्या घरात पाणीसुद्धा पिणार नाहीत."

 मग तपासणीवाल्याच्या नजरेने त्याने तो कागद पुन्हा वाचला, बोट एकेका शब्दावर ठेवून.

"आवार म्हणजे कुठपर्यंत?"

"कुंपणापर्यंत असेल."

"आणि कुंपणाच्या पलीकडे?"

"समुद्र."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी उठून तालिकापत्रावर दोन शब्द वाढवले: काडेपेटी, रॉकेल.

बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. चार दिवस मोकळी हवा, एवढंच. गुरुवारी सकाळी भाड्याच्या गाडीतून निघालो. पुढे बाबा, मागे आम्ही दोघं आणि मांडीवर पातेलं. माझ्या पर्समध्ये औषधाच्या गोळ्यांची एक जुनी बाटली होती. त्यात तिरफळं होती. आईने वाळवून दिलेली शेवटची. तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं होत नाही, आणि तिरफळ मद्रासला मिळत नाही, असं आई म्हणायची. शहर संपलं, खाडीवरचा पूल गेला, सुरूची बनं सुरू झाली आणि त्या झाडांच्या फटींतून निळं काहीतरी आमच्या गाडीबरोबर पळायला लागलं. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "अगं, पातेलं पडेल."

घर लहानच होतं. लाल कोब्याची जमीन, दिवाणखान्यात लाकडी झोपाळा, वर एकच खोली आणि तिला समुद्राकडे उघडणारी हिरवी खिडकी. मी चौतीस वर्षांची, ग्रंथालयात शांतता राखायचा पगार घेणारी बाई, जिन्यावरून धावत वर गेले आणि खिडकी उघडून खाली ओरडले, "बाबा, वर या! इथून सगळं दिसतं!" बाबा खालीच उभे होते. त्यांनी झोपाळ्याच्या कड्या हाताने हलवून पाहिल्या.

"ह्यां घर कोणाचां?" ते मालवणीत बोलले. घरातलं बोलणं त्यांचं मालवणीतच असायचं.

"आपलं. रविवारपर्यंत."

"भाड्यान?"

"हो."

"दर्या बघूक भाडां?" म्हणाले आणि नाकातून हसले. मी खिडकीतच थांबले. दहा महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता.

घर राखायला चाळिशीची एक बाई होती. आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती राहायची. मी तिला अक्का म्हणायला लागले, आणि ती बाबांना अय्या म्हणायला लागली. माझं तमिळ पुस्तकांच्या कपाटापुरतं आणि नवऱ्याचं कारखान्यापुरतं, पण तिघांचं मिळून भागत होतं.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. गावी आई आणि बाबा रोज मागच्या पडवीत बसून सूर्य समुद्रात जाईपर्यंत हलायचे नाहीत. चाळीस वर्षांची सवय. इथेही बाबांनी साडेपाचला हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, वेताची खुर्ची उचलून फाटकाबाहेर वाळूत नेऊन ठेवली आणि समुद्राकडे तोंड करून बसले. मी खिडकीतून पाहत होते. समुद्र निळ्याचा करडा झाला. बाबांची सावली त्यांच्या पुढे पडली होती आणि लांब होत होत पाण्याकडे चालली होती. तरी त्यांच्या लक्षात येईना. शेवटी त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. सूर्य रस्त्यापलीकडच्या सुरूंमध्ये अर्धा बुडाला होता.

"हो दर्या उलटो आसा गो!" ते ओरडले.

मी आणि नवरा धावत खाली गेलो. अक्का फाटकाशी उभी राहून हसत होती. नवऱ्याने तिला समजावलं की आमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. तिला ते खरं वाटेना. "इथे सगळं सकाळी," ती म्हणाली. "सूर्य सकाळी, होड्या सकाळी. संध्याकाळी समुद्रात काय बघायचं?"

बाबा उठले. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवून ठेवली आणि समुद्राकडे पाठ करून सूर्य पूर्ण जाईपर्यंत बसले. अक्का म्हणाली, इतकी वर्षं पाहुणे बघते, पण समुद्राकडे पाठ करून बसलेला हा पहिलाच.

शुक्रवारी पहाटे मी बाबांना उठवायला गेले. "होड्या येतील आता. चला ना बघायला."

"तुम्ही जावा. मी पडतंय."

आम्ही दोघंच गेलो. सूर्य पाण्यातून वर आला तेव्हा नवरा खुळ्यासारखा टाळ्या वाजवायला लागला आणि दोन कोळी त्याच्याकडे बघत राहिले. होड्यांत मासळी बारीकच होती. मी पिशवी घडी करून परत आणली. नाहीतरी बाबांशिवाय मासे घेऊन मी काय करणार होते?

परत येताना कुंपणाच्या बाहेर, सुरूच्या सावलीला मला तीन दगड दिसले. चुलीसारखे मांडलेले. आतल्या बाजूने काळेकुट्ट.

"अक्का, हे कुणी मांडले?"

ती लाजली. मग म्हणाली, "मीच. आतल्या खोलीतसुद्धा मासे करायला परवानगी नाही. म्हणून इथे करते."

"मालकांना माहीत आहे?"

"माहीत आहे. ते येतात तेव्हा वारा बघून खिडकी लावून घेतात. बोलत नाहीत."

नवरा मला कोपराने ढोसायला लागला. "बघ! मी कागद बरोबर वाचला होता!" आम्ही एवढा विचार करून शोधलेली पळवाट अक्काने कित्येक वर्षांपूर्वीच काळी करून ठेवली होती. मी तिला बाबांबद्दल सांगितलं, तुटक तमिळमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं. आई गेली. दहा महिने. मासे नाहीत.  ती म्हणाली, "वाटायचं माझ्याकडे द्या. पाटा आहे."

शनिवारी वारा सुटला. एकही होडी गेली नाही. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून पोहल्याचं नाटक करत होता आणि दर लाटेला किंचाळत होता. बाबा खुर्चीतून त्याला म्हणाले, "जावईबापू, सोलापूरच्या विहिरीत शिकलात काय?" तो तिथूनच ओरडला, "विहीर निदान अंगावर येत नाही हो!" बाबा चांगलेच हसले. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. उद्या रविवार. संध्याकाळपर्यंत किल्ली परत द्यायची होती. मंगळवारी बाबांची गाडी. पर्समधली बाटली मी उघडून पाहिली, वास घेतला, पुन्हा लावली.

रविवारी जाग आली तेव्हा खिडकीत नुकतं उजाडलं होतं. खाली बाबांची गादी रिकामी होती. फाटक उघडं होतं. मी अनवाणीच पळत सुटले आणि मागून नवरा, चष्मा शोधत.

वारा पडला होता. पाच-सहा होड्या वाळूवर ओढल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये बाबा होते. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात बनियन. समोर टोपली घेऊन एक मासेवाली. तिचं तमिळ जोरात चालू होतं आणि बाबांची मालवणी तिच्याहून जोरात.

"ह्ये कालचे! कालचे गो बाय! डोळे बघ त्यांचे, मेल्यावानी दिसतत. त्ये दी. त्ये, खालचे!"

मासेवालीने हातवारे करून सांगितलं, सगळे एकच आहेत. बाबांनी एक बांगडा उचलून कल्ला उघडून तिच्या नाकासमोर धरला. मग दुसरा. तिने कपाळावर हात मारला आणि टोपलीच त्यांच्यासमोर उपडी केली. घे म्हणाली बहुतेक, तूच निवड. आजूबाजूचे कोळी हसत होते. बाबा उकिडवे बसले आणि एकेक बांगडा निवडून बाजूला ठेवायला लागले. पोस्टात टपाल लावायचे तसेच, न थांबता.

मी जवळ गेले.  "बाबा, तुम्ही…"

"माका नाय. तुका." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तू कधीपासून खाल्लंस नाय?"

"मी? मी तर…"

"दर आयतवारी फोन करून आवशीक विचारीत होतंस, आज काय मासळी. आवस गेली आणि तू एकदापण विचारलंस नाय. माका कळना नाय काय?"

मी वाळूत बसले. आम्ही त्यांच्यासाठी घर घेतलं, कागद वाचले, पातेलं मांडीवर आणलं, आणि हा माणूस इथे येईपर्यंत दर रविवारी माझ्या फोनात त्या प्रश्नाची वाट बघत होता. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीनच दिवसांचं. माझ्या दुखवट्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मग त्या सकाळी जी धांदल उडाली ती सांगून संपणार नाही. बाबांनी पाण्याच्या कडेला बसून बांगडे साफ केले. कावळे त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसले. अक्काने पाट्यावर नारळ, मिरच्या, धने वाटले आणि नवऱ्याने ते वाटण दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद आणावा तसं, फाटकाबाहेर आणलं. भात आत शिजवला, कारण भाताला बंदी नव्हती. तिखलं फाटकापलीकडे. नवरा मधे उभा राहून तपासत होता. "पातेलं बाहेर. पळी बाहेर. मासा एकही आत नाही. ओके." मी पर्समधून बाटली काढून बाबांना दिली.

त्यांनी ती ओळखली. झाकण उघडून बराच वेळ वास घेत राहिले. मग सात-आठ तिरफळं दगडाने ठेचून पातेल्यात टाकली आणि उरलेली झाकण लावून मला परत दिली. "ठेव. पुढच्याक होतीत."

पुढच्याक. मी तो शब्द मनात धरून ठेवला आणि बाटली पुन्हा पर्समध्ये.

सुरूच्या सावलीत चटई घातली. अक्काने केळीची पानं आणली. बाबांनी माझ्या पानावर भात वाढला, वर लाल तिखलं, आणि बांगड्याचा मधला, चांगला तुकडा. स्वतःच्या पानावर भात आणि लोणचं.

"खा गो."

"तुम्ही आधी."

"माझां रवलां." म्हणजे माझं राहून गेलंय. "मामा परत गेलो त्या दिसा. आता कोण भरवतलो? आणि तू माझां चेडू. तुझ्या हातान चलना नाय."

"माझं लग्न झालंय. मी दुसऱ्या घरची."

"मी तुका कधी दुसऱ्या घरची म्हटलंय?"

 मी त्यांचीच लेक होते, म्हणूनच माझा हात चालत नव्हता. पानावर हात ठेवून मी बसून राहिले. वास येत होता, अगदी आईच्या स्वयंपाकघराचा. माझ्या डोळ्यांसमोर मंगळवारची गाडी आली आणि त्या गाडीच्या शेवटी ते कुलूप.

नवरा वरणभात घेऊन जरा दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसला होता. तिथून तो म्हणाला, "म्हणजे नेमकं कोण लागतं याला?"

"दुसऱ्या घरचं. सोयऱ्यांपैकी."

"मग मी कोण आहे?"

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, मला सांगा ना. घर दुसरं आहे की नाही? चांगलं चारशे किलोमीटर दुसरं आहे. सोयरा आहे की नाही?"

बाबा हसायला लागले. "जावईबापू, तुम्ही माशाक हात लावतलात?"

"कागदात फक्त आवाराचं लिहिलंय. हाताचं काही लिहिलेलं नाही."

तो उठून आला आणि बाबांसमोर मांडी घालून बसला. माझ्या पानावरचा तुकडा त्याने दोन बोटांनी उचलला, लांब धरून, जणू यंत्राचा गरम सुटा भाग. मग काटे काढायला लागला. त्याला काही जमेना. "हा कुठे संपतो?" "मधलो काटो अख्खो ओढ," बाबा सांगत होते. "तसो नाय रे, शेपटेकडसून!" त्याच्या कपाळावर घाम आला होता. कारखान्यात तो बोट फिरवून केसाएवढी चीर ओळखतो. तसंच त्याने त्या माशाच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, एकदा उलटून, पुन्हा एकदा.

"ओके आहे," तो म्हणाला. भातात कालवून त्याने घास केला आणि हात पुढे नेला.  बाबा त्याच्याकडे पाहत होते.  मामाचा तसाच राहिलेला हात मला दिसत होता.

बाबांनी तोंड उघडलं.

त्यांनी तो घास खूप वेळ चावला. अक्का फाटकाच्या आत, बरोबर आवाराच्या रेषेवर उभी होती, पदर तोंडाला लावून. डोळे मिटून बाबांनी घास गिळला.

"मीठ कमी झालां," ते म्हणाले. आणि मग, पान माझ्याकडे सरकवत, "वाढ गो माका."

नवऱ्याने तोच बरबटलेला हात माझ्याकडे वळवला. "तूही आ कर. एकदा हात खराब झालाच आहे." मी खाल्लं. तिखट होतं, तिरफळाने जीभ बधिर झाली आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते मिरचीचं की कशाचं, हे पाहायला तिघांपैकी कुणालाच सवड नव्हती, कारण बाबा दुसरा बांगडा मागत होते. नवरा समुद्राकडे पळाला. ओल्या वाळूने त्याने हात घासले, हुंगले, पुन्हा घासले. लाट आली तेव्हा किंचाळायलाही विसरला.

संध्याकाळी अड्यारला किल्ली द्यायला आम्ही मालकांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी विचारलं, घर आवडलं का. नवरा म्हणाला, फार. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा नवऱ्याने उजवा हात खिशातून न काढता नुसतीच मान लववून नमस्कार केला. गृहस्थांनी एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्या गाडीतल्या पातेल्याकडे पाहिलं आणि किल्ली घेतली. खिडकी लावून घ्यावी तसं ते एवढंच म्हणाले, "आज वारा चांगला होता, नाही?"

बाबा मंगळवारी गावी गेले. पुढच्या रविवारी मी फोन केला आणि विचारलं, "आज काय मासळी?" त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी विचारत राहिले. मामा पुन्हा घरी यायला लागला. बाबा त्याला दर वेळी सांगायचे की सोलापूरच्या माणसाने मला भरवलं, तुका जमला नाय.

आता आमचं घर स्वतःचं आहे. मासे करू नयेत असा कुठलाही कागद आमच्यावर नाही. नवरा अजूनही वरणभातच खातो. औषधाच्या गोळ्यांची ती बाटली स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे आणि तळाशी थोडी तिरफळं उरली आहेत. वास कमी झाला असेल, पण गेलेला नाही.

हे लिहून झालं. काल रात्री मी त्याला म्हटलं, उद्या बांगडे आण. कल्ला उघडून बघ, डोळेही बघ. तो म्हणाला, काटे काढायला मला अजून वेळ लागतो, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. आज सकाळी तो पिशवी घेऊन गेला आहे आणि मी पाटा धुऊन ठेवला आहे.